वर्गणीचं अंडं

२८ जानेवारी २०२५ रोजी निघालेल्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातल्या शालेय पोषण आहारातून अंड्याचा आणि साखरेचा सरकारी पैसा काढून घेतला. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक ठरले. ज्या शाळांना ते द्यायचे असतील त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं कळवण्यात आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं आणि अंडं न खाणाऱ्याला केळं, असा नियम झाला होता. त्याला सव्वा वर्ष होतं न होतं तोच तो मोडला.

या निर्णयाची बाजू घेणारे अजूनही भेटतात. त्यांच्यात निवृत्त अधिकारी आहेत, संस्थाचालक आहेत, मनापासून शाकाहार पाळणारी माणसं आहेत आणि खिचडीचे हिशेब लिहून थकलेले शिक्षकही आहेत. ते सगळे निर्दय आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांचे युक्तिवाद पुण्या-ठाण्याच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि त्यांची किंमत मोजतात मोखाडा, धडगाव, धारणी, एटापल्लीची पोरं. म्हणून ते नीट तपासले पाहिजेत. माझं म्हणणं आधीच सांगतो. आदिवासी तालुक्यांतल्या प्रत्येक शाळेत, शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी, मुलाला सरकारच्या पैशातून अंडं मिळालं पाहिजे; आणि ते पाड्यावरच्या बाईने शाळेतल्या चुलीवर शिजवलेलं असलं पाहिजे.

सुरुवात पैशापासून करू, कारण चर्चा तिथूनच सुरू होते. तिजोरीवर ताण आहे, असं सांगतात. अंड्यांवरचा खर्च वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये असल्याचं त्या वेळी जाहीर झालं होतं. राज्याचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक सुमारे सात लाख कोटी रुपयांचं. म्हणजे सरकार खर्च करतं त्या दर चौदा हजार रुपयांमागे एक रुपया. एवढ्या रकमेने तिजोरी सावरत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मात्र तिची उणीव लगेच दिसते, कारण तिथला हिशेब पैशापैशाचा आहे. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या दरानुसार पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे. तांदूळ वेगळा येतो. बाकी डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि जळण हे सगळं या पैशांत बसवायचं. बाजारात एक अंडं सहा-सात रुपयांना पडतं. म्हणजे लहान मुलाच्या दिवसभराच्या खर्चाएवढी एका अंड्याची किंमत. वेगळा निधी नसेल तर अंड्याच्या दिवशी डाळ आणि भाजी दोन्ही गाळावी लागतील. असं असताना अंडं ऐच्छिक ठेवलं आहे म्हणणं आणि अंडं बंद केलं म्हणणं यात पाड्यावरच्या शाळेसाठी काहीच फरक उरत नाही.

आणि हेच राज्य दुसरीकडे अंडं देतं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. आदिवासी भाग असलेल्या १६ जिल्ह्यांत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा चौरस, गरम जेवण द्यायचं, अशी ती योजना. पुढच्या वर्षी तिच्यात सात महिने ते सहा वर्षांची मुलंही आली. त्यांना आठवड्यातून चार वेळा अंडं, नको असेल तर केळी. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत आदिवासी मुलांच्या पोटासाठी राज्याने घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे. आता त्याच पाड्यावरचं सहा वर्षांचं मूल पाहा. मेपर्यंत ते अंगणवाडीत आठवड्याला चार अंडी खात होतं. जूनमध्ये ते पहिलीत बसलं. पुष्कळ ठिकाणी अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात असतात. त्या आवारातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर त्याच्या हाडांची, रक्ताची गरज संपत नाही, उलट वाढते. तरीही त्याचं अंडं तिथे सुटतं. अमृत आहार चूक असेल तर तसं सांगा आणि तीही योजना बंद करण्याची जबाबदारी घ्या. ती बरोबर असेल तर सहाव्या वर्षी तिची दोरी का कापली, याचं उत्तर निर्णयाच्या समर्थकांनी द्यायला हवं. ते मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

लोकसहभागाचा मुद्दा सर्वांत गोड वाटतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. गावाने शाळेसाठी काही करावं यात वाईट काय, असं विचारतात. वाईट काहीच नाही. आदिवासी पाड्यांनी शाळेसाठी श्रमदान केलं आहे, कुडाच्या खोल्या उभारल्या आहेत, पावसाळ्यात मास्तरांना ओढा पार करून आणलं आहे. पण अंड्याची वर्गणी रोख द्यावी लागते, आणि रोख पैसा हीच तिथली सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. नंदुरबारची ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर शाळेत जाणारी मुलं. त्यांच्या शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य स्वतः मुकादमाची उचल फेडत असतात. त्यांनी वर्गणी कुणाकडे मागायची? शहराजवळच्या शाळेला वाढदिवसाच्या निमित्ताने दाते मिळतात, एखादा कारखाना मिळतो. ज्या शाळेपर्यंत पावसाळ्यात एसटीही पोचत नाही तिथे दाता पोचत नाही. मग वर्गणीवर सोडलेलं अंडं जिथे घरीही मिळतं तिथल्या मुलाच्या ताटात पडतं, आणि जिथे दुसरीकडून मिळायची सोयच नाही तिथे पडत नाही. काही शिक्षक चार आठवडे स्वतःच्या खिशातून पैसे घालतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मुलांचं पोट शिक्षकाच्या चांगुलपणावर चालवायचं नसतं.

याहून मोठी गोष्ट अशी की हे दान म्हणून मुळात सुरूच झालेलं नाही. २००१ मध्ये गोदामांत धान्य सडत होतं आणि राजस्थानात माणसं उपाशी होती. त्या वेळी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या याचिकेत २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने राज्यांना बजावलं की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत सहा महिन्यांच्या आत शिजवलेलं जेवण द्या: किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. तोवर महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो कोरडं धान्य वाटलं जायचं आणि ते घरी जाऊन सगळ्यांच्या पोटात विभागला जायचा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ते जेवण मुलाचा हक्क केलं: प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. हक्काचा पोषक भाग वर्गणीवर सोपवला की कायद्याने दिलेलं पुन्हा गावच्या दयेवर येतं.

इथे कुणी कर्नाटकाचं उदाहरण देईल. तिथेही २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशातून अंडी दिली जातात, मग महाराष्ट्राने लोकांकडून मदत घेतली तर काय बिघडलं? फरक मोठा आहे. कर्नाटक सरकार आधीच आपल्या पैशाने आठवड्यात दोन दिवस अंडी देत होतं. त्या संस्थेने राज्याशी तीन वर्षांचा करार करून ती सहा दिवसांपर्यंत नेली. करार राज्याने केला आणि लाभ राज्यातल्या सगळ्या शाळांना झाला. महाराष्ट्रात एकेका मुख्याध्यापकाला झोळी घेऊन उभं केलं आहे. तमिळनाडू २०१० पासून आठवड्याला पाच अंडी देतं. ओडिशा, जिथे आदिवासींचं प्रमाण आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त आहे आणि दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा कमी, तेही आठवड्याला दोन अंडी सरकारी पैशातून देतं. आपण त्यांच्यापेक्षा गरीब आहोत असं कुणी म्हणू शकेल का?

आता एक असा युक्तिवाद, जो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो आदिवासींची काळजी असल्यासारखा बोलला जातो. आदिवासींच्या दारात कोंबड्या असतात, जंगलात रानभाज्या असतात, ओढ्यात मासे असतात. त्यांना सरकारी अंड्याची गरज काय? प्रश्न त्यांना खाऊ घालण्याचा नाहीच, अज्ञानाचा आहे, असं त्याच्या पुढचं वाक्य असतं.

ज्यांनी पाड्यावरचं घर जवळून पाहिलं आहे त्यांना माहीत असतं की तिथली कोंबडी ही घराची बचत असते. मूल तापाने फणफणलं की कोंबडी विकून दवाखान्याचं जीपभाडं निघतं. देवाला मान द्यायचा तर कोंबडा लागतो, पाहुणा आला तर लागतो. अंडी खुडूक कोंबडीखाली बसवायची असतात, कारण एका अंड्याचं पिलू झालं तर सहा महिन्यांनी त्याचे काहीशे रुपये होतात. गावरान कोंबडी फार अंडी देतही नाही, आणि दिलेलं अंडं पोराला उकडून घालणं म्हणजे उद्याचा पैसा आज खाणं. पाड्यावरची आई ते करत नाही. ती गरिबीचा हिशेब बरोबर करते आहे. अंडं चांगलं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको. म्हणूनच ते बाहेरून, रोज, न मागता आलं पाहिजे.

जंगलाचं म्हणाल तर तेही आता पूर्वीसारखं मोकळं नाही. पहिल्या पावसातले चढणीचे मासे, चिंबोऱ्या, शेवळं, कर्टुली, कोळीभाजी, बांबूचे कोवळे कोंब; हे अन्न मी कमी लेखत नाही. जिथे ते मिळतं तिथे मुलं खातात आणि चवीने खातात. पण मेळघाट देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला आणि कोरकूंच्या गोळा करण्यावर, मासेमारीवर बंधनं आली. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं धरली, आणि बुडाला तो नर्मदाकाठचा सुपीक भाग. मुंबईला पाणी पाजणारी वैतरणा आणि तानसा ही धरणं आदिवासींच्या वस्तीतच उभी आहेत. अन्न मिळवायच्या या वाटा एकेक करून अडवल्या गेल्या. त्या अडवणाऱ्यांनी आता पाड्याला सांगू नये की तुमच्या ओढ्यात मासे आहेत.

आषाढ-श्रावणात घरातली कणगी रिकामी होते हे शासनालाही ठाऊक आहे. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळाची खावटी योजना चालली ती याचसाठी: जून ते सप्टेंबर काम नसतं, धान्य नसतं, तेव्हा घर सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं पटापट मेली आणि सबंध महाराष्ट्र हादरला. त्याच काळात मेळघाटच्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. तेव्हापासून अनेक समित्यांनी आणि पाहण्यांनी पावसाळ्याचे हेच महिने दाखवले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची निघाली. नंदुरबारमध्ये निम्म्याहून जास्त. राज्यातल्या लहान मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी होती. पावसाळ्यात शाळा सुरू असतात. त्या चार महिन्यांत शाळेचं ताट हे कित्येक मुलांचं दिवसातलं एकमेव भरपेट जेवण असतं. त्याच ताटातून पैसे वाचवायचे ठरवणाऱ्याने हे आकडे एकदा समोर ठेवून पाहावेत.

मग पर्याय सुचवले जातात. केळं द्या, सोयाबीन द्या, नाचणी द्या, पोषकद्रव्यं मिसळलेला तांदूळ तर आहेच. केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिन असतं, अंड्यात सहा. त्यातही अंड्याचं प्रथिन शरीर जवळजवळ पूर्ण वापरतं. कायद्यातले १२ ग्रॅम कागदावर भरून निघतात, पण त्यातला मोठा वाटा तांदळाचा असतो आणि तांदळात वाढीला लागणारं लायसिन कमी. डाळ ती उणीव काही अंशी भरते, पण लहान मुलाच्या वाट्याला डाळ येते २० ग्रॅम. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही; ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येतं. शहरी शाकाहारी घरात ही उणीव दूध-दही-ताक भरून काढतं. अनेक आदिवासी समाजांत गाईचं दूध वासराचं मानलं जातं, धार काढायची रीतच नाही. तिथे अंडं काढून घेतलं की त्या जागी ठेवायला दुसरं काही उरत नाही.

नाचणीचं म्हणाल तर मी तिच्या बाजूचा आहे. नागली, वरई, बंटी, मोर ही सह्याद्री-सातपुड्याची धान्यं तांदळाच्या बरोबरीने शाळेत आली पाहिजेत. नाचणीइतकं कॅल्शियम दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या धान्यात नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या बियाण्यांसाठी देशाने त्यांना २०२० मध्ये पद्मश्री दिली. त्यांच्यासारख्या बायकांनी पिकवलेली नागली त्यांच्याच नातवंडांच्या शाळेत शिजायला काय हरकत आहे? पण अंड्याऐवजी नाचणी, असं म्हणणाऱ्यांनी तो निर्णय पुन्हा वाचावा. ज्या कागदाने अंड्याचे पैसे काढले त्याच कागदाने नाचणीचं सत्त्वही वर्गणीवर टाकलं. दोन्ही एकदमच गेली. आणि नाचणीत ब-१२ नसतं, ते नसतंच.

राहिला पोषकद्रव्यं मिसळलेला तांदूळ. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातलेले दाणे साध्या तांदळात मिसळून हा तयार होतो. पाड्यावरच्या बायका ते वेगळे दिसणारे दाणे प्लॅस्टिकचे समजून निवडून फेकतात, हे रेशन दुकानापासून शाळेपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. त्यांना नीट समजावून सांगण्याची तसदी फार कमी ठिकाणी घेतली गेली. शिवाय नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट हा सिकलसेलचा पट्टा आहे. लोह मिसळलेलं अन्न सिकलसेलच्या रुग्णांनी घेऊ नये, असा इशारा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार कित्येक वर्षं वेष्टनावर छापावा लागत होता. तो पुढे काढला गेला. त्या तांदळाला माझा सरसकट विरोध नाही. पण कारखान्यात मिसळलेल्या दाण्याकडे बोट दाखवून ताटातलं खरं अन्न कमी करणं मला मान्य नाही. गोळी औषध म्हणून देतात. जेवण म्हणून जेवणच द्यावं लागतं.

भावनांचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही, कारण पैशाच्या युक्तिवादामागे बऱ्याचदा तोच उभा असतो. शाळेत अंडं शिजलं तर न खाणाऱ्यांच्या भावना दुखावतात, म्हणतात. जे मूल अंडं खात नाही त्याला ते कुणीही खायला लावलेलं नाही. केळ्याची सोय पहिल्या दिवसापासून होती आणि अमृत आहारात ती वर्षानुवर्षं चालली आहे. वारली, कातकरी, भिल्ल, पावरा, कोरकू, माडिया यांच्या घरांत अंडं, मासळी, कोंबडी कधीच अपवित्र नव्हती. पाड्यावरच्या शाळेत जवळजवळ सगळी मुलं अंडं खाणारी असताना त्या शाळेत काय शिजेल हे दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या कुणाच्या तरी नाराजीवर ठरतं. नर्मदेच्या पलीकडे अलिराजपूर आहे, आपल्या नंदुरबारला लागून, भिल्लांचाच जिल्हा. २०१५ मध्ये मध्य प्रदेशात अलिराजपूर, मंडला आणि होशंगाबादच्या अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव आला होता. तो तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेटाळला. ज्यांच्या मुलांसाठी तो प्रस्ताव होता त्या भिल्ल-गोंड आयांची हरकत नव्हती. एखाद्याने आपल्या श्रद्धेपायी स्वतः अंडं सोडावं, मी त्याच्या ताटाचा मान राखीन. पण दुसऱ्याच्या भुकेल्या मुलाच्या ताटातून ते उचलायचा अधिकार कुठल्याही श्रद्धेने मिळत नाही.

अभ्यासाच्या भाषेत बोलणारे आणखी एक सांगतात: कुपोषण पहिल्या हजार दिवसांत ठरतं, शाळेत खाऊ घालून उशीर झालेला असतो, आणि शाळा खाऊ घालते म्हटल्यावर घरचे तेवढंच कमी देतात. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातून मिळतं. अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी तिथल्या मुलांचा आहार मोजला. शाळेत शिजवलेलं जेवण मिळू लागल्यावर मुलांच्या रोजच्या उष्मांकांतली तूट जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाली आणि प्रथिनांची तूट भरून निघाली. घरच्यांनी हात आखडता घेतला नव्हता. पहिल्या मुद्द्याचं उत्तर २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात आलं. ज्या मुलींना लहानपणी शाळेत मध्यान्ह भोजन मिळालं होतं, त्या आई झाल्यावर त्यांची मुलं वयाच्या मानाने उंचीत सरस निघाली. हे वाचून आदिवासी तालुक्यातली सातवीची मुलगी डोळ्यांसमोर आणा. पाच-सात वर्षांत तिचं लग्न झालेलं असेल, कदाचित कडेवर मूल असेल. हजार दिवस महत्त्वाचे आहेत हे खरंच; पण ते सुरू होतात तिच्या शरीरात, आणि ते शरीर घडतं ते शाळेच्या वर्षांत. तिला बाराव्या वर्षी अंडं नाकारायचं आणि विसाव्या वर्षी गरोदर म्हणून अमृत आहारात नाव घालायचं, यात मला कोणतंही धोरण दिसत नाही.

शेवटचा युक्तिवाद व्यवस्थेचा. गावातल्या बायकांना स्वच्छता जमत नाही, हिशेब जमत नाही. एकाच मोठ्या, यंत्रांनी सज्ज स्वयंपाकघरातून शंभर शाळांना जेवण पाठवा, म्हणजे चोरीही थांबेल आणि विषबाधाही. हे म्हणणारे बिहारचं उदाहरण देतात. १६ जुलै २०१३ ला सारण जिल्ह्यातल्या गंडामनच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. ती जखम विसरण्याजोगी नाही. पण मोठ्या स्वयंपाकघराने धोका जात नाही, तो एकवटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात डहाणू आदिवासी विकास प्रकल्पाच्या अनेक आश्रमशाळांतली दोनशेहून अधिक मुलं एकाच वेळी आजारी पडली, आणि त्या सगळ्यांचं जेवण एकाच मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गेलं होतं. पहाटे शिजलेलं अन्न घाटातून, खड्ड्यांतून, भर पावसात दुपारी पोचतं तेव्हा ते कसं असतं हे मुलांना विचारा. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही केंद्रीय स्वयंपाकघराची सोय मुख्यतः शहरांसाठी आहे, जिथे शाळेत चुलीला जागा नसते. पाड्यावर जागेची टंचाई नाही. शिवाय अशी स्वयंपाकघरं चालवणाऱ्या काही मोठ्या संस्था अंडं शिजवतच नाहीत. स्वयंपाक त्यांच्याकडे गेला की अंड्याचा वाद कायमचा मिटतो, आणि तो मुलांच्या विरुद्ध मिटतो.

उकडलेल्या अंड्याइतकं सुरक्षित आणि तपासायला सोपं दुसरं अन्न नाही. सालासकट उकडतं, त्यात पाणी घालून वाढवता येत नाही, मोजायला काटा लागत नाही. मूल आणि त्याची आई दोघंही सांगू शकतात की आज मिळालं की नाही. डाळीत भेसळ होते, तेलात होते, भाजीच्या बिलात होते. चोरी रोखायची ज्यांना खरी कळकळ आहे त्यांनी अंडं सर्वांत आधी ठेवायला हवं होतं.

आणि आता शाळेतल्या चुलीवर शिजवणाऱ्या त्या बाईबद्दल. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी बायकांना प्राधान्य द्यायला सांगितलं. पाड्यावरची जी स्वयंपाकी मदतनीस सकाळी पाणी भरते, जळण फोडते, शंभर पोरांना वाढते आणि भांडी घासून घरी जाते, तिला महाराष्ट्रात महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळतं, तेही वर्षातले दहाच महिने. दिवसाचे शंभर रुपयेही पडत नाहीत. रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा किती तरी कमी. तिला स्वच्छता जमत नाही म्हणणाऱ्यांनी तिच्या शेडला नळ, धूर बाहेर जाईल अशी चूल, झाकणाची भांडी आणि किमान वेतन देऊन मग बोलावं. अंड्याचे पैसे मुख्याध्यापकाने आधी खर्च करायचे आणि सहा महिन्यांनी मिळायचे, ही रीत मोडून तिमाहीचा निधी आगाऊ शाळेच्या खात्यात टाकावा. आदिवासी उपयोजनेत त्यासाठी तरतूद होऊ शकते. गावातल्या बचतगटांना कोंबड्यांच्या पिलांसाठी आणि खाद्यासाठी भांडवल दिलं तर पाच-दहा वर्षांत निम्मी अंडी पाड्यावरूनच विकत घेता येतील. तोवर ती आठवडी बाजारातून आणावीत. आठवडाभर ती फ्रिजशिवाय टिकतात.

त्याच २००४ च्या आदेशात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपल्याकडे फार थोडं लक्ष गेलं: दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना जेवण द्यावं. मेळघाटात आणि सातपुड्यात मे महिन्यात पाणी आटलेलं असतं, काम संपलेलं असतं, आईबाप बाहेरगावी असतात आणि शाळेला कुलूप असतं. ज्या तालुक्यांना सरकार स्वतः दुष्काळी म्हणून जाहीर करतं, तिथल्या शाळांची स्वयंपाकघरं येत्या मे महिन्यात उघडी राहावीत आणि मदतनीस बाईला त्या दोन महिन्यांचंही वेतन मिळावं. आदेश दोन दशकांहून जुना आहे, तांदूळ गोदामात आहे, आणि आठवड्याच्या एका अंड्यासाठी किती रक्कम लागत होती ते वर सांगितलं आहे.